बॅ. नाथ पै आणि १९६७चं 'नाथ पै विधेयक': तुम्हांला काय वाटतं?

खाडीकाठ
आमच्या घरी नुसतं 'बॅरिस्टर' म्हटलं की एकच माणूस. नाव लावायची गरज पडायची नाही. आजोबा वेंगुर्ल्याकडचे. दर १८ जानेवारीला तिन्हीसांजेला दिवा लागला की ते ओसरीवर थोडा वेळ गप्प बसायचे. ती नाथ पैंची पुण्यतिथी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी सध्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा राज्यघटनेच्या तासाला गोलकनाथ खटला झाला (संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येते का, यावरचा १९६७चा). सर म्हणाले, "यानंतर नाथ पै विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही," आणि पुढच्या खटल्याकडे वळले. मी मात्र तिथंच अडकले. आजोबांच्या तोंडून नाथ पैंबद्दल मी शेकड्यांनी गोष्टी ऐकल्या आहेत, सगळ्या भाषणांच्या. या विधेयकाबद्दल एक अक्षर नाही.

वाचून समजलं ते असं. जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२. शिक्षण बेळगाव आणि पुण्यात. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास. मग लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार. १९७१ मध्ये बेळगावला हृदयविकारानं निधन, वय अवघं ४८.

माझे प्रश्न दोन. त्यांचं बॅरिस्टर असणं त्यांच्या संसदीय कामात कुठं दिसतं? आणि मूलभूत हक्कांतसुद्धा दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला असावा, ही त्यांची भूमिका आज तुम्हांला पटते का? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाहीये, आणि ते मला टोचतंय.

गजाली
आज्येक इचारलंय. ती म्हणता, "नाथ पै बोलाक लागले काय रडणारी पोरां पण गप होयत." विधेयकाचा तिका काय म्हायत नाय. 🙂

तिठा
धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. नाथ पै म्हणजे वक्तृत्व, एवढ्यावर आपण त्यांना ठेवून दिलंय. दक्षिण रत्नागिरीत त्यांच्या सभेला माणसं कंदील घेऊन दोन दोन कोस चालत यायची, हे माझ्या वडिलांनी पाहिलेलं. पण संसदेत टिकायला नुसतं गोड बोलणं पुरत नाही. प्रजा समाजवादी पक्षाचे लोकसभेत मूठभर खासदार. अशा पक्षाच्या माणसाचं ऐकायला सत्ताधारी बाकं थांबायची, ती मुद्दा बांधायच्या पद्धतीमुळे. तीच वकिली.

टपालकीचा मुलगा
माझ्या घरातली आठवण वेगळी आहे. वडील टपाल खात्यात सॉर्टर होते. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशभर संप झाला, पाच दिवस चालला. सरकारनं वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला, धरपकड झाली. नाथ पै कर्मचाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिलेल्या खासदारांत पुढे होते. वडिलांची नोकरी वाचली, पण पगारवाढ काही काळ अडकली. तरी त्यांनी त्या पाच दिवसांबद्दल कधी पश्चात्ताप केला नाही. "आमची बाजू सभागृहात मांडणारा माणूस कायदा कोळून प्यालेला होता," एवढंच म्हणायचे. त्यांच्या पाकिटात नाथ पैंचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. आता तो माझ्याकडे आहे, पिवळा पडलाय.

खाडीकाठ
@टपालकीचा मुलगा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. फोटो जपून ठेवा.

शाईपेन
मी गेली एकोणीस वर्षं वकिली करतोय, जिल्हा न्यायालयात आणि अधूनमधून उच्च न्यायालयात. नाथ पैंबद्दल आदर पूर्ण आहे. पण दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. कारण सांगतो.

गोलकनाथ हे नाव ऐकून आपल्याकडच्या लोकांना वाटतं नाथपंथी कुणीतरी असावेत. ते पंजाबातलं ख्रिस्ती कुटुंब, जालंधरचं. त्यांची सुमारे पाचशे एकर जमीन. पंजाबच्या १९५३च्या जमीन कायद्यानं प्रत्येकाला तीस एकरांची मर्यादा घातली, म्हणून ते न्यायालयात गेले. अकरा न्यायमूर्ती बसले. २७ फेब्रुवारी १९६७ला सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला: मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा कलम १३नुसार रद्द ठरतो, आणि घटनादुरुस्ती हाही त्या अर्थानं 'कायदा'च आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी तो बहुमताचा निकाल लिहिला.

त्यांना काय दिसत होतं? दोन-तृतीयांश बहुमत हातात असलेलं सरकार उद्या भाषणस्वातंत्र्य काढून घेऊ शकतं. आठ वर्षांत आणीबाणी आली. एकाच मताच्या फरकानं का असेना, त्या सहा जणांनी धोका आधी ओळखला होता.

रानभूल
+१ शाईपेन.

तिठा
@शाईपेन, निकालाच्या आधीचंही सांगा ना. १९५१च्या शंकरी प्रसाद खटल्यात आणि १९६५च्या सज्जन सिंह खटल्यात हेच सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की संसद मूलभूत हक्कांत दुरुस्ती करू शकते. पंधरा वर्षं एक अर्थ, आणि मग एका मतानं तो उलटा. नाथ पैंचा आक्षेप तिथं होता. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला आपली घटना काळानुसार बदलता येईल की नाही, हे अकरातले सहा जण कायमचं ठरवणार का? निकाल फेब्रुवारीत लागला, विधेयक एप्रिलमध्ये मांडलं. दीड-दोन महिन्यांत! घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे, असं घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहावं, एवढाच त्याचा गाभा. ही झेप बॅरिस्टरचीच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

शाईपेन
मसुदा चोख होता, ते मान्य. मसुदा चोख असला म्हणजे हेतूला धरून वापरला जाईलच असं नाही, हे मी रोज बघतो.

कुळकायदा
मी शेतकऱ्याचा मुलगा, कायद्याचं शिक्षण नाही. पण या चर्चेत जमीन फक्त पंजाबातली आलीय, म्हणून लिहितो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. पणजोबा खोताचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, कूळ. भात पिकवायचं त्यांनी, आणि अर्ध्याहून जास्त जायचं खोताकडे. शिवाय वेठ. खोताच्या घरी लग्न निघालं की आमच्या घरची माणसं आठ दिवस राबायला. हे आजीनं मला सांगितलेलं, पुस्तकातलं नाही. खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात १९३७ सालीच मांडलं होतं. तेही बॅरिस्टर, तेही विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. स्वातंत्र्यानंतर खोती कायद्यानं गेली.

आता मुद्दा. जमीनदार अशा कायद्यांविरुद्ध न्यायालयात जायला लागले ते 'मालमत्तेचा मूलभूत हक्क' दाखवून. म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववी अनुसूची आली, म्हणजे मूलभूत हक्कांचं कारण देऊन न्यायालयात रद्द करता येऊ नयेत अशा कायद्यांची यादी. त्या अनुसूचीत सुरुवातीला तेरा कायदे होते. त्यात आमचा मुंबई राज्याचा कूळकायदा आहे आणि खोती निर्मूलन कायदाही आहे. मी स्वतः यादी उघडून पाहिली. आमच्या दीड एकराचं नाव भारताच्या राज्यघटनेत आहे, असंच मला त्या दिवशी वाटलं.

नाथ पै राजापूरचे खासदार होते. त्यांच्या मतदारांत निम्मी घरं अशी. त्यांनी संसदेच्या अधिकारासाठी भांडावं याचं मला तरी नवल वाटत नाही.

खाडीकाठ
कुळकायदादादा, वर्गात आम्हांला नववी अनुसूची 'तेरा कायदे' म्हणून पाठ करायला सांगितली होती. त्यात आपली खोती आहे हे कुणी सांगितलं नाही. आजच उघडून बघते.

शाईपेन
@कुळकायदा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. पण एक दुरुस्ती करतो, कारण ती महत्त्वाची आहे. गोलकनाथ निकालानं तुमचा दीड एकर धोक्यात आला नव्हता. सुब्बा राव यांनी मुद्दाम सांगितलं की आधीच्या दुरुस्त्या तशाच राहतील, निकाल फक्त पुढच्यांना लागू होईल. गंमत म्हणजे स्वतः गोलकनाथ कुटुंबालाही त्यामुळे त्यांची जमीन मिळाली नाही. तत्त्व जिंकले, खटला हरले.

कुळकायदा
हे माहीत नव्हतं. धन्यवाद वकीलसाहेब. तरी विचारतो. झालेली सुधारणा राहिली, पण पुढची अडली. ज्यांना तोवर जमीन मिळाली नव्हती त्यांनी काय करायचं?

शाईपेन
याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

उंबरठा
मी लोकसभेचं कामकाज बरीच वर्षं जवळून पाहिलंय, नोकरीच्या निमित्तानं. विधेयक का मंजूर झालं नाही हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं विधेयक म्हणजे अशासकीय विधेयक. त्याला वेळ मिळतो शुक्रवारी, दिवसाचे शेवटचे अडीच तास, तोही एक आड एक शुक्रवारी. बरेच सदस्य तोवर मतदारसंघाच्या गाडीत बसलेले असतात. साधं विधेयक मंजूर व्हायलाच तिथं दमछाक. आजवर संसदेनं मंजूर केलेली अशासकीय विधेयकं एकूण चौदा, आणि शेवटचं १९७० सालचं. ते आनंद नारायण मुल्ला यांचं. मुल्ला हे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, लखनौचे अपक्ष खासदार आणि उर्दूचे कवी. उच्च न्यायालयानं निर्दोष सुटका रद्द करून मोठी शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क मिळावा यासाठी ते होतं. चौथ्या लोकसभेत असे वकील एकमेकांशेजारी बसत होते.

नाथ पैंचं तर घटनादुरुस्ती विधेयक. म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं हवीत, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. शुक्रवारच्या दुपारी अडीचशेहून जास्त सदस्य बसवून ठेवणं सरकारनं मनावर घेतल्याशिवाय शक्य नाही. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, त्यावर चर्चा झाली. पण १९६७च्या निवडणुकीत काँग्रेसचं बहुमत घटलेलं, १९६९ मध्ये पक्षच फुटला. मतांची खात्री नव्हती. २७ डिसेंबर १९७०ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर संपलं. तीन आठवड्यांनी नाथ पै गेले.

रानभूल
तीन आठवड्यांनी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गजाली
अवांतर: बेळगावात ते १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनासाठी गेले होते ना? दुसऱ्या दिवशी गेले, असं घरी ऐकलंय.

तिठा
हो. सीमाप्रश्नाच्या हुतात्म्यांचा दिवस. प्रकृती आधीच बिघडलेली होती, तरी गेले. बेळगाव त्यांचं शिक्षणाचं गाव. त्यांच्यासाठी तो प्रश्न दूरचा नव्हता.

रानभूल
अवांतरात अवांतर: त्यांच्या पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या, व्हिएन्नाच्या. माझी आत्या सांगते, वेंगुर्ल्यात लोकांना आधी अप्रूप वाटायचं, पुढे घरचीच झाली ती बाई.

हिरवा बावटा
थोडं कडू लिहितोय, रागावू नका. कोकणाला नाथ पैंनी प्रत्यक्ष काय दिलं? रेल्वे मधू दंडवत्यांच्या काळात मार्गी लागली. चिपीच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून मागण्या झाल्या, पण विमानतळ २०२१चा. कायद्याचा कीस काढणारा खासदार हवा की रस्ता आणणारा?

तिठा
@हिरवा बावटा, राग नाही. पण कोकण रेल्वेची मागणी संसदेत लावून धरणाऱ्यांत नाथ पै होते, आणि दंडवते त्यांच्याच जागेवर १९७१ मध्ये निवडून गेले. तेव्हापासून सलग पाच वेळा. दंडवते वकील नव्हते, सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. गाडी धावली १९९८ मध्ये. एकानं मागितलं, दुसऱ्यानं मिळवलं, यात पहिल्याला वजा कसं करायचं? राजापूर हा मतदारसंघ २००८च्या फेररचनेत नकाशावरून गेला, पण त्यानं दिल्लीला पाठवलेली माणसं बघा.

टपालकीचा मुलगा
शिवाय रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात लाकडी बाकांवर गादी आली ती दंडवत्यांमुळे. रात्रभर मुंबईला जाणाऱ्या माणसाला विचारा.

हिरवा बावटा
पटलं. रेल्वेच्या मागणीचं माहीत नव्हतं. प्रश्न मागे घेतो.

कुळकायदा
परत मूळ प्रश्नाकडे येऊ या? खाडीकाठ थांबलीय.

शाईपेन
येऊ या. १९७१च्या निवडणुकीत इंदिराजींना दोन-तृतीयांश बहुमत मिळालं. कायदामंत्री झाले ह. रा. गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्यांनी त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती आणली. नाथ पै जे मागत होते, ते तीत आलं. आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी गोलकनाथ निकाल रद्द केला. त्याच निकालात सात विरुद्ध सहा अशा बहुमतानं सांगितलं, की संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

म्हणजे नाथ पैंचा अर्धा मुद्दा मान्य झाला आणि सुब्बा राव यांची भीतीही मान्य झाली. १९७५ साली ती चौकट नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. म्हणून मी अजूनही म्हणतो, नाथ पैंचं विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं असतं तर मला भीती वाटली असती.

उंबरठा
शाईपेन, एक प्रश्न. आणीबाणीत व्यक्तीचं स्वातंत्र्य कुणी वाचवलं? १९७६च्या बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दादच मागता येत नाही. एकटे न्या. खन्ना वेगळे राहिले. तेव्हा संसद वाकली आणि न्यायालयही वाकलं. आणीबाणी उठवली ती लोकांनी, १९७७च्या मतपेटीतून.

शाईपेन
मान्य. तो निकाल आमच्या व्यवसायाच्या छातीवरचा डाग आहे.

तिठा
आणि दंडवते तेव्हा बंगळूरच्या तुरुंगात होते. नाथ पैंच्या जागेवरचा माणूस.

उंबरठा
त्यावरूनच माझा शेवटचा मुद्दा. १९७७ला जनता सरकार आलं, दंडवते रेल्वेमंत्री. १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एक: मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि कलम ३०० कमध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. दोन: आणीबाणी असली तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, स्थगित करता येणार नाही असं लिहिलं. पहिलीसारखी दुरुस्ती करता यावी यासाठी नाथ पै भांडले. दुसऱ्या गोष्टीसाठी सुब्बा राव घाबरले होते. दोन्ही गोष्टी संसदेनंच घटनादुरुस्ती करून केल्या, आणि पहिली तर मूलभूत हक्कांना हात लावूनच. तो अधिकार नसता तर पहिली शक्यच नव्हती.

शाईपेन
उंबरठाताई, चव्वेचाळिसावी मी कितीतरी वेळा उद्धृत केलीय, पण अशी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. माझं 'नाही' आता ठाम राहिलेलं नाही. मी असं म्हणेन: अधिकार हवा आणि चौकटही हवी. आणि विधेयक मांडणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता याबद्दल मला शंका कधीच नव्हती.

खाडीकाठ
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वहीत उतरवून घेतेय.

काल आजीशी फोनवर बोलले. तिला विचारलं, आजोबा विधेयकाबद्दल कधी काहीच का बोलले नाहीत? ती म्हणाली, बोलायचे की, पण त्याला ते 'विधेयक' म्हणत नसत. 'नाथांनी कुळांसाठी मांडलेलं' असं म्हणायचे. मी लहान होते, मला वाटायचं कुठल्यातरी देवळात पूजा मांडली असेल. आमची जमीनही कुळाची होती, हेही कालच कळलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलं नाही, पण आता निदान कुठून शोधायचं ते कळतंय. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या जुन्या चर्चा आहेत असं सरांनी सांगितलं. १९६७ ते १९७० मधली या विधेयकावरची चर्चा शोधून वाचायला घेतेय. कुणी बरोबर वाचणार का?

कुळकायदा
मी येतो. इंग्रजी अडलं तर सांगावं लागेल.

शाईपेन
अडलं की इथंच विचारा, मी आहे. संयुक्त समितीचा अहवालही बरोबर घ्या, भिन्नमतपत्रिकांसकट. विरोधकांनी काय लिहिलं ते आधी वाचा.

गजाली
आज्येक सांगलंय. ती म्हणता, "वाचून झाला काय माका पण सांगा."